कंपॅनियन शब्दाचा अर्थ

माझ्या बायकोच्या मामांइतका इंग्रजी शब्दांच्या कुळाचा पाठलाग करणारा माणूस आमच्या झाडीपट्टीत झाला नाही आणि होणारही नाही. अर्जुनी मोरगावच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. पुठ्ठे निखळलेली एक जाडजूड डिक्शनरी ते जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून लग्नाच्या पंगतीलाही नेत. माझ्या लग्नात मी पाया पडलो, तर आशीर्वाद राहिला बाजूला. म्हणाले, हजबंड हा शब्द मुळात घर राखणाऱ्या शेतकऱ्याचा, आणि जावईबापूंकडे तर घरही नाही न् धानाची बांधीही नाही. मी गोंदियाला भाड्याच्या खोलीत राहणारा कारकून. सारा मांडव हसला. बसमध्ये ते 'तिकीट' शब्दाचं मूळ सांगू लागले की कंडक्टर बिचारा ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राही.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. शाळेच्या तपासणीला इन्स्पेक्टरसाहेब आले, तेव्हा मामांनी शिपाई सुकरूची ओळख 'माय कंपॅनियन' अशी करून दिली. सुकरू चिचगडकडच्या जंगलपट्टीतला गोंड. वीस वर्षं शाळेची घंटा त्यानंच दिलेली, आणि संध्याकाळी दोघं तलावाच्या पाळीवर फिरायला जात. साहेब खूश झाले. मामांनी मात्र घरी येऊन सवयीप्रमाणे शब्द उघडून पाहिला. मूळ लॅटिन. सोबत भाकर खाणारा, तो कंपॅनियन. त्या दिवशी वाढलेलं ताट तसंच राहिलं, असं मामी सांगत. वीस वर्षांत मामा सुकरूसोबत एक घासही जेवले नव्हते. त्याचा चहासुद्धा ओसरीखाली, वेगळ्या कपात.

रविवारी सुकरू आपल्या गावी असे. मी तेव्हा सुट्टीत त्यांच्याकडे आलो होतो; मला सोबत घेऊन मामा तिकडेच निघाले. चिचगडपर्यंत बस, पुढे पायी. आम्हाला दारात पाहून सुकरू घाबरलाच.

"गुर्जी, कायले आले? तिकडं समजलं तं लोकं तुमाले वाळीत टाकतीन."

मामा म्हणाले, "साहेबासमोर मी खोटं बोललो, सुकरू. ते खरं करायला आलो."

त्याच्या बायकोनं पळसाच्या पत्रावळींवर भात आणि अंबाडीची भाजी वाढली. सुकरू उभाच. तो बसल्याशिवाय मामा भाताला हात लावीनात. शेवटी बसला, पण हातभर लांब. मामांनी आपली पत्रावळ उचलली आणि त्याच्या पत्रावळीला लावून ठेवली. मग दोघं खाली मान घालून जेवले.

मी पोट बरं नसल्याचं सांगितलं आणि अंगणात बसून राहिलो. पाणीसुद्धा घेतलं नाही.

परतताना मामा अंबाडीच्या आंबटपणाबद्दल बोलत राहिले. मला त्यांनी एका शब्दानं टोकलं नाही. मामींनी आठ दिवस अबोला धरला, आणि नवव्या दिवशी विचारलं, भाजीत लसूण होता का. पुढे दर बाजाराच्या दिवशी सुकरू त्यांच्या स्वयंपाकघरात जेवू लागला. शेजारणींनी मामींना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. मामींनी तेही सोसलं.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते जावईबापू म्हणत, कधी दोस्त म्हणत, पत्रात 'माय डिअर' लिहीत. तो एक शब्द मात्र त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नाही. रागानं टाळला असेल, असं मला वाटत नाही. शब्दांच्या बाबतीत ते पुन्हा कधी खोटं बोलले नाहीत, एवढंच.