‘आधी’चा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कोण? जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी बाई. अब्बांनी एकदा पकडलेली सुरमई माझ्या तोंडून दर ईदेला हातभर वाढते. रत्नागिरीहून शारजात येईपर्यंत ती होडीएवढी झाली. मग ही एकच गोष्ट इतकी वर्षं पोटात कशी राहिली? सांगते — जरा थांबत थांबत सांगते.

दुबईत, अल बर्शातल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये मी पेशंट कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे डॉक्टर इंग्रजीत बोलतात आणि मी ते हिंदीत, मराठीत, वेळ आली तर हातवाऱ्यांनी पेशंटच्या गळी उतरवते. आमच्याकडे जास्त काम नाकाच्या शेंड्याचं. आपल्याकडच्या येतात, फिलिपिन्सच्या येतात — शेंडा गोल, कातडी जाड, आतली कूर्चा मऊ. अशा नाकाला नुसतं कापून भागत नाही, आतून टेकू द्यावा लागतो. तो टेकू डॉक्टर कानामागून काढतात.

एकदा एका घाबरलेल्या बाईंचा हात धरायला मला आत घेतलं. काम फक्त शेंड्याचं, त्यामुळे त्या जाग्या होत्या. डॉक्टरांनी कानामागून नखाएवढा तुकडा काढला, तासला, आणि अशा दोऱ्यानं शिवला की त्यानं मुंगीचा मोडका पाय सांधता येईल. हे मी वाढवून सांगत नाहीये. बरं, थोडंसं. पण शेंडा वर आला आणि अख्खा चेहरा — डोळेसुद्धा — नव्यानं मांडल्यासारखा दिसला. मी नमाजाला उभी राहते तशी उभी होते. तांदळाच्या चार दाण्यांएवढी वस्तू, आणि माणूस दुसरंच? त्या दिवशी वाटलं, आपणही या करामतीत असायला हवं होतं. नुसतं हात धरायला नाही.

माझं नाक सरळ आहे. आईवर गेलेलं, कुणी हात न लावलेलं. पुढच्या आठवड्यात एक बाई शेंड्यावर बोट ठेवून रडवेली झाली, आणि मी — मला कुणी सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना पत्ताही नव्हता — सहज बोलून गेले, माझंही इथंच केलंय. तिचे डोळे हे एवढे झाले. आधी कसं होतं? मी बटाट्यापासून सुरुवात केली आणि फणसापर्यंत पोचले. मग ती म्हणाली, फोटो दाखवा ना.

फोटो होता.

माझ्या धाकट्या बहिणीचा. रेहानाचा. ईदेला काढलेला, माझीच हिरवी ओढणी घेतलेला. कपाळ, डोळे, हनुवटी थेट माझी. नाक मात्र अब्बांचं, गोल आणि ऐसपैस. अब्बा गेल्यावर ते तिच्याकडेच उरलं. तिचा चेहरा मी परक्या बायकांपुढे धरला आणि म्हटलं, बघा, अशी होते मी. त्या ‘अरेरे’ म्हणायच्या. मीही त्यांच्याबरोबर म्हणायचे.

मग रेहाना व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधायला आली. शारजात, अल मजाजला माझ्याकडेच राहायची. एका दुपारी मी विसरलेला डबा घेऊन ती थेट क्लिनिकमध्ये हजर. समोर पुण्याच्या एक काकू आणि त्यांची इथंच वाढलेली मुलगी, मुलीच्या नाकाचा फॉर्म भरायला बसलेल्या. आठवडाभरापूर्वीच त्यांना फोटो दाखवला होता. काकूंनी रेहानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“अहो, त्या फोटोतल्या ह्याच ना?”

काउंटरमागे मॅनेजर उभा. खलास. नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसाही. आणि मी, झोपेतही बडबडणारी, फॉर्मांची चळत सारखी करत बसले. रेहानानं माझ्याकडे पाहिलं. तिला कळायला किती वेळ लागला असेल? डब्याची पिशवी टेबलावर ठेवायला लागतो, तेवढा.

“फोटो आपाचाच असणार, काकू,” ती म्हणाली. “आम्ही दोघी डिट्टो होतो. तिनं करून घेतलं, मी राहिले.”

“देन व्हाय डिडन्ट यू?” मुलीनं विचारलं.

रेहाना हसली. “हे आमच्या अब्बांचं आहे. आता दुसरीकडे कुठं बघायला मिळणार?”

मुलगी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. फॉर्म तिनं भरला नाही.

डॉक्टरांचा हात मी पाहिलाय. पण उभ्या उभ्या, जराही न थरथरता, स्वतःचा चेहरा दुसरीला देऊन टाकणं — तसली करामत मी पुन्हा पाहिली नाही.

संध्याकाळी मेट्रोत, पुढे शारजाच्या बसमध्ये, ती खिडकीशी बसली. काचेत बघत होती. मग तिनं एक बोट हळूच नाकाच्या शेंड्यावर ठेवलं — आमच्याकडे येणाऱ्या सगळ्याजणी ठेवतात तसं. तिनं तसं केलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन तिनं बांगडे तळले, मोठा तुकडा मला वाढला. महिन्याभरानं ती परत गेली. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तो फोटो मी किती जणींना दाखवला? एरवी मी शंभर म्हणाले असते. चौदा. त्यातल्या दोघी त्या दुपारनंतरच्या.