हिंदुराव ओरडायचे थांबले तेव्हा

जयपूरजवळच्या सांगानेरातल्या एका छपाई कारखान्यात हिंदुराव फडतरे बोलायला लागले की थाळीतल्या रंगावर तरंग उठतात, असं तिथले कारागीर सांगतात. ही अतिशयोक्ती आहे. रंग जागचा हलत नाही. भिंतीपलीकडच्या कारखान्यातले लोक मात्र हातातलं काम एकदा तपासून घेतात.

हिंदुराव मूळचे खटाव तालुक्यातले. पायदळात अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, ते जयपूरच्या लष्करी तळावरून. मुलाची शाळा चालू होती म्हणून मुक्काम वाढला. मुलगा बंगळुरूला नोकरीला गेला, मुक्काम तसाच राहिला. गेली नऊ वर्षं ते या कारखान्यात सुपरवायझर आहेत. कापडावर लाकडी ठशांनी हाताने छपाई होते, त्या चौदा मेजांवर त्यांची देखरेख असते. छपाईतलं त्यांना सुरुवातीला काही कळत नव्हतं. सरळ ओळ कळत होती, आणि या धंद्यात निम्मं काम तेवढंच आहे.

गेल्या वर्षी कंपनीत उत्कर्षा मॅडम आल्या. पुण्याच्या, वय एकतीस, मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख. परदेशी गिऱ्हाईकं हल्ली टेबलक्लॉथबरोबर तो छापणाऱ्याच्या मनःस्थितीचीही चौकशी करतात. म्हणून सगळ्या सुपरवायझरांना जयपूरच्या राजा पार्कातल्या एका हॉटेलात दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. चांगला वरिष्ठ सांगत नाही, विचारतो. उत्तर माणसाच्या आतच असतं, आपण फक्त वाट करून द्यायची. ओरडल्याने माणूस मिटतो. बाकीच्यांना त्यातलं जेवण आठवतं. हिंदुरावांनी सोमवारपासून अंमलबजावणी सुरू केली. आदेश पटला का, हे त्यांना नोकरीत कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

त्यांनी तीन प्रश्न एका कार्डावर हिंदीत लिहिले, वर प्लास्टिक चढवून घेतलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. आपको क्या लगता है? आपके पास क्या विकल्प हैं? मैं क्या मदद करूँ? रोज सकाळी साडेनऊला पहिल्या मेजापासून चौदाव्यापर्यंत, याच क्रमाने, हात मागे बांधून ते हे प्रश्न विचारू लागले. उत्तर ऐकून मान हलवत आणि पुढच्या मेजाकडे जात. सांगायचं काहीच नाही, असं ठरलेलं होतं.

घरीही प्रयोग झाला. आमटीत काय कमी आहे असं तुला वाटतं, असं त्यांनी पत्नीला, मंदाकिनीबाईंना विचारलं.

"मीठ," त्या म्हणाल्या. "समोर डबा आहे. घ्या, आन् जेवा."

कारखान्यात मात्र घबराट पसरली. नऊ वर्षांत साहेब कोणाशी हळू बोलले होते ते एकदाच, आणि तो माणूस दुसऱ्या दिवसापासून कामावर नव्हता. विकल्प विचारतात म्हणजे बाहेर कुठे सोय आहे का तेच विचारतात, असा अर्थ लावून दोघांनी पलीकडच्या कारखान्यात चौकशीही करून ठेवली.

सगळ्यात जास्त बिघडलं ते सातव्या मेजावर. तिथे कजोडमल छापतो. वय अठ्ठावन्न, चाळीस वर्षांचा हात. ठशाच्या कोपऱ्यात खुणेचं एक बारीक टिंब असतं. आधीच्या ठशाच्या टिंबावर पुढच्याचं टिंब बसवायचं आणि वरून मूठ मारायची. पहिली ओळ सरळ लागली की पुढचं हात आपोआप करतो. कजोडमलची पहिली ओळच वाकडी जाऊ लागली. काम पांढऱ्यावर फिक्या पिवळ्याचं होतं. तीन आठवड्यांत त्याचे अकरा टेबलक्लॉथ परत आले.

हिंदुराव रोज त्या मेजापाशी उभे राहत. ठसा अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, उजवीकडे चाललेला त्यांना दिसे. ते कार्ड काढत. आपको क्या लगता है? ठीक है साहब, असं कजोडमल म्हणे, आणि मूठ मारी.

अकरावा नग परत आल्यावर उत्कर्षा मॅडमनी कजोडमलला आणि सोबत हिंदुरावांना ऑफिसात बोलावलं. त्याला मेजावरून काढून धुलाईच्या हौदावर पाठवायचं का, हे त्या दिवशी ठरायचं होतं. चाळीस वर्षं ठसा धरलेल्या माणसाला हौदावर पाठवणं म्हणजे घरी पाठवणंच, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. मॅडमनी स्वतः उठून त्याला पाणी दिलं. कसलं दडपण आहे का, घरी सगळं ठीक आहे का, असं आस्थेने विचारलं. ती आस्था खरी होती, हे नोंदवायला हवं. कजोडमलने प्रत्येक प्रश्नाला मान हलवली. शेवटी त्यांनी विचारलं, कंपनी तुमच्यासाठी काय करू शकते?

कजोडमलने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"साहब से कहिए, डाँटना चालू करें," तो म्हणाला.

मॅडमनी वहीत लिहिलं, की भीतीची सवय खोलवर रुजली आहे. मग त्यांनी हिंदुरावांकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "सर, तुम्हाला काय वाटतं?"

कार्डावरचा पहिला प्रश्न त्यांना स्वतःला कोणी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

"मॅडम, त्याला दिसत नाही," हिंदुराव म्हणाले. "दीड वर्ष झालं. मोतीबिंदू असंल. दोन्ही डोळ्यांत."

"दीड वर्ष? मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगतच होतो की. रोज सकाळी. मोठ्यानं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रत्येक कापडाची पहिली ओळ लागताना हिंदुराव सातव्या मेजापाशी जाऊन खेकसत. अंधे हो क्या, आधा सूत बायें, हाथ ऊपर, अब मार! बाकीच्यांना वाटे, साहेबांचा याच्यावर दात आहे. कजोडमल शिव्या गाळून त्यातलं सूत तेवढं घेई. दोघांनी यावर आपसात एक शब्दही काढला नव्हता. डोळे गेल्याचं फुटलं तर सांगानेरात कोणी मेज देणार नाही, ही कजोडमलची भीती. जवानाचं दुखणं त्याने स्वतः सांगितल्याशिवाय वरिष्ठाने चारचौघांत काढू नये, ही हिंदुरावांची रीत. आणि सांगू नका असा आदेश आला, तेव्हा त्यांनी सूतही सांगायचं थांबवलं.

उत्कर्षा मॅडमनी वही मिटली. "दीड वर्षात त्यांना डॉक्टरकडे न्यावं, असं नाही वाटलं?"

हिंदुरावांनी खिशाला हात लावला. मैं क्या मदद करूँ, हा तिसरा प्रश्न तिथेच होता. तीन आठवडे त्यांनी तो रोज सकाळी सातव्या मेजासमोर म्हटला होता, आणि उत्तराची वाट न बघता आठव्याकडे वळले होते.

"नाही वाटलं," ते म्हणाले.

हौदाचा विषय त्या दिवशी मागे पडला, पण मिटला नाही. शस्त्रक्रियेनंतर हात चालला तर मेज, नाहीतर हौद, असं ठरलं. डिसेंबरात एक डोळा झाला, जानेवारीत दुसरा. दवाखान्यात दोन्ही वेळा हिंदुराव गेले आणि तिथल्या रांगेला त्यांनी शिस्त लावली. सातवं मेज रिकामं दिसलं असतं तर दुसऱ्याला मिळालं असतं. म्हणून त्यांनी त्यावर अर्धवट छापलेलं एक कापड ताणून ठेवलं. ते आठ आठवडे अर्धवटच होतं. मालकांनी एकदा विचारलं, तेव्हा काम चालू आहे असं उत्तर मिळालं.

मॅडमनी दरम्यान वरती अहवाल पाठवला. प्रशिक्षणामुळे एका कारागिराची दृष्टी वाचली, असं त्यात होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

फेब्रुवारीत कजोडमल परतला. पहिले दोन दिवस त्याने रंग कालवणाऱ्याशी भांडण्यात घालवले. पिवळा बदललाय, हे त्याचं म्हणणं होतं. पिवळा तोच होता. तिसऱ्या दिवशी त्याने पहिली ओळ लावली. हिंदुराव येऊन उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि तसाच सोडला. ओळ दोरीसारखी सरळ होती. मेज राहिलं. ते आठव्या मेजाकडे गेले. पुढचे दोन दिवसही तसंच.

त्यानंतरच्या सकाळी कजोडमलने मेजावर एक टाकाऊ चिंधी पसरली आणि हिंदुराव जवळ आल्यावर ठसा चांगला बोटभर उजवीकडे टेकवला. मूठ वर धरून तो थांबला.

"अंधे हो क्या?" हिंदुराव कडाडले.

भिंतीपलीकडे कोणीतरी हातातलं काम तपासून घेतलं. कजोडमलने चिंधी गोळा करून बाजूला टाकली आणि नवं कापड ताणलं.