दुबईच्या विमानातला अर्धा खजूर

आमच्या चौक गावाहून मुंबईच्या विमानतळावर पोचायला टॅक्सीला अडीच तास लागले, आणि तिथून अख्खा समुद्र ओलांडून दुबईला जायला विमानाला तीन. हे मला आजही खरं वाटत नाही.

लेकीचं पहिलं बाळंतपण होतं, म्हणून मी निघाले. रमजान चालू होता. प्रवासात रोजा माफ असतो, असं लेकीनं फोनवर दहा वेळा बजावलं. पण ती सुखरूप मोकळी होईपर्यंत एकही रोजा चुकवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. मी एकदा ठरवलं की आमच्या घरात कुणी वाद घालत नाही.

लग्नापासून आमची एक सवय आहे. रोजा सोडताना एकच खजूर, दोघांत अर्धा-अर्धा. आमचे हे हायवेवर गॅरेज चालवतात. अजानच्या आधी दहा मिनिटं हातांचं ग्रीस धुऊन खजुराकडे टक लावून बसणारा हा माणूस; भूक म्हणून सहन होत नाही. त्या दिवशी दारातच त्यांनी एक खजूर फोडला, अर्धा कागदात बांधला आणि माझ्या पर्समध्ये टाकला.

विमानात माझ्या घड्याळात पावणेसात झाले. मी आमच्या मशिदीचं रोजा सोडण्याच्या वेळांचं छापील वेळापत्रक काढून खात्री केली, पुडी सोडली, बिस्मिल्ला म्हटलं. खजूर ओठांपाशी नेला तोच शेजारच्या बाईंनी माझा हात धरला.

"आधी खिडकीतून बघा," त्या म्हणाल्या.

बाहेर चक्क ऊन होतं! सूर्य अजून बराच वर, खाली नजर पोचेल तिथवर पाणी. आम्ही पश्चिमेला त्याच्या मागे लागलो होतो आणि तो काही बुडायला तयार नव्हता. तिकडे गावात दिवे लागले असतील आणि मी इथे उन्हात बसलेली. इतकी वर्षं मला वाटायचं, संध्याकाळ सगळ्यांची एकदमच होते. एवढ्या अफाट जगात मी आमच्या मशिदीचं वेळापत्रक घेऊन निघाले होते. आधी हसू आलं, मग भीती वाटली, मग नुसती बघत राहिले. तहानसुद्धा विसरले.

उतरले तरी सूर्य होताच. तिथली अजान झाली तेव्हा अर्धा खजूर तोंडात घातला. जावई पाणी घेऊन उभे होते. माझ्या घड्याळात, म्हणजे घरी, आठ वाजले होते. जावयांच्याच फोनवरून घरी फोन लावला.

"पोचले. आत्ताच रोजा सोडला," मी म्हणाले. "तुमी काय खाल्लंत?"





"खातो आता. तू सोडलास का नाय, मला कसं कळायचं गं? माझा अर्धा हातातच हाय."

"अजान झाली की सोडायचा असतो! असा थांबवायचा नसतो!" मी जावयांसमोरच ओरडले आणि रडू लागले.

"म्हाईत हाय," ते म्हणाले, आणि समुद्रापलीकडून मला त्यांचं खजूर चावणं ऐकू आलं.