गावाच्या पानावरची ओळ

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगायलोय — कोण जाणे. ऐका.

आम्ही नांदेडचे. दहावीला आईनं मला घेऊन लातुरात खोली केली, शिकवणीसाठी. तेव्हा सगळेच करायचे. शाळेत नवे कॉम्प्युटर आले होते, अन् आम्ही पोरं त्यावर काय करायचो? ज्ञानकोशाच्या साइटवरून उचलायचं, छापायचं, वर आपलं नाव टाकायचं. पान रंगीत निघालं की सर खूश. वाचतंय कोण?

भूकंपाच्या प्रकल्पातही मी तेच केलं. वर एक वाक्य मनानंच ठोकून दिलं — किल्लारीजवळच्या एका लहान गावात घरं पडली, पण माणूस एकही दगावला नाही. गावाचं नाव नकाशात बघून घेतलेलं. मला काय ठाऊक, महानंदा त्याच गावची!

वर्गात पहिला नंबर तिचा, दुसरा माझा. मी वर्गापुढं प्रकल्प वाचत होतो तशी ती उभी राहिली. "न्हाई सर. लई माणसं गेली आमची. माझी अक्का गेली." सर बाहेरून आलेले, नवे. म्हणाले, उद्या नेटवर बघू.

'चुकलं सर' — एवढंच तर म्हणायचं होतं. जीभ झडली असती का माझी? पण तिच्यापुढं? छे!

त्या साइटवर कुणीही लिहू शकतं, हे वर्गात फक्त मला ठाऊक होतं. संध्याकाळी नेट कॅफेत गेलो. त्या गावाचं पान उघडलं — अन् माझी ती ओळ तिथं टाकली.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. "पण आई सांगती सर," महानंदा म्हणाली. "अगं, आईचं ऐकून प्रकल्प होत नसतो. इथं लिहिलंय की." पोरं हसली. मीही हसलो. लाज वाटते आता — पण हसलो.

त्र्याण्णवच्या भूकंपात ती तान्ही होती. अक्काचा फोटो नाही, कपडा नाही, काही नाही. आईनं सांगितली तेवढीच अक्का. हे मला तेव्हा कळत नव्हतं? कळत होतं हो.

रविवारी ती गावी जाऊन आली, अन् सोमवारी माझ्याकडं आली — माझ्याकडंच, कारण कॉम्प्युटरमधलं मला कळतं असं सगळे म्हणायचे. "आईला विचारलं मी," म्हणाली, "अक्का खरंच होती का म्हणून. आई भाकरी तव्यावर तशीच सोडून भाईर गेली." मग हळूच — "कॉम्प्युटर चुकतो का रे कधी?"

"न्हाई," म्हणालो मी. "चुकत नसतो."

त्याच संध्याकाळी मी ती ओळ पुसून टाकली. महानंदाला सांगितलं नाही.