साडूभाऊंचे गवत

माझ्या साडूंना या जगात कशाचीही भीती वाटत नसे. विंचू, बँकेचा मॅनेजर, अंगावर येणारा वळू आणि आम्हा दोघांची सासू, या चारही संकटांसमोर त्यांना शांतपणे उभे राहिलेले मी पाहिले आहे. त्यांच्या वाट्याची भीती देवाने बहुधा माझ्याच पदरात टाकली असावी. मी जन्मभर घाबरत आलो, आणि आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे लिहितानाही घाबरतोच आहे. अशा निर्भय माणसाला पुढे एका गोष्टीची भीती बसली. ती मी बसवली. कशी, ते सांगितल्याशिवाय मला आता जायचे नाही.

साडू गवताचे वेडे होते. गवत म्हणजे बांधावर आपोआप उगवते ते नव्हे. उसासारखे उंच, पानाला मऊ, एकदा लावले की वर्षानुवर्षे कापत राहावे असे संकरित नेपियर त्यांनी कुठूनसे आणले होते आणि स्वतःच्या अर्ध्या एकरात त्याचे बेणे, म्हणजे लावायच्या कांड्या, तयार केले होते. "साडूभाऊ, आपल्याकडं दूध विकणारे ढिगानं. चारा विकणारा एक तरी दाखवा," ते मला म्हणत. "ज्याच्या दारात दोन गायी आणि रान टीचभर, तो माझं गिऱ्हाईक. असं घर नसलेलं गाव वणीपासून नाशकापर्यंत कुठं आहे, सांगा बरं!" एक दिवस नाशकात मेथीच्या जुड्यांसारख्या गवताच्या पेंढ्या विकायला लोक बसतील, हे भाकीत ते लग्नाच्या पंगतीत, जिलबी वाढणाऱ्याला थांबवून सांगत. वाढपी हसत पुढे जाई. गवताला कोणी पैसे देते का? मी मात्र पत्रावळीत मान खुपसून बसे, कारण पुढचे वाक्य ठरलेले असे: "विचारा की या आमच्या साडूभाऊंना!"

त्यांच्या स्कूटरला पुढून-मागून एवढे गवत बांधलेले असे की रस्त्याने एक झुडूपच चालले आहे असे वाटे. एकदा देवळाली कॅम्पात एका जवानाने हे झुडूप अडवले. त्या भागात झुडपे चालताना दिसणे अगदीच नवलाचे नाही, पण ती सांगून चालत असावीत. "ये क्या है?" त्याने दरडावून विचारले. मागे बसलेल्या माझ्या तोंडचे पाणी पळाले. साडूंनी पाने बाजूला सारून तोंड बाहेर काढले आणि म्हणाले, "संकरित नेपियर. घरपे गाय है क्या, साहेब?" गाय होती. पंधरा मिनिटांनी आम्ही निघालो तेव्हा त्या जवानाच्या हातात चार कांड्या होत्या, आणि त्या गावी जाईपर्यंत ओल्या गोणपाटात कशा ठेवायच्या हे त्याला पाठ झाले होते.

माणसांची पारख ते शेणावरून करीत. माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. पोहे आले आणि साडू नाहीसे झाले. परतले ते थेट गोठ्यातून. माझ्या कानाशी लागून, पण साऱ्या बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उठा. शेण खडखडीत आहे. जी माणसं गायीला हिरवी काडी घालत नाहीत ती सुनेला काय घालणार?" ते स्थळ तिथेच मोडले. मला आठवडाभर झोप नव्हती. मुलगी मात्र आजही त्यांचे उपकार मानते.

आणि सर्वांवर कडी म्हणजे ते गवत खात. कोणालाही बेणे देण्याआधी त्याच रांगेतले एक पान तोडून, डोळे मिटून, सावकाश चावत. "जे मला तोंडात धरवत नाही ते मी मुक्या जनावराला देणार नाही." हळूहळू लोक हसायचे थांबले होते. आमच्या गावातल्या नऊ घरांनी त्यांचे गवत लावले. दहावे घर माझे.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. आमची काळी-पांढरी गाय म्हणजे माझ्या बायकोचा जीव की प्राण. "कापलेल्या ज्वारीत सोडू नका हो तिला," असे बजावून ही बाजाराला गेली. मी गाय बांधावर नेली, आंब्याखाली टेकलो आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा गाय शेजारच्या ज्वारीच्या रानात होती. धाटे कापल्यावर बुडातून जे कोवळे फुटवे येतात ते विषारी असतात. आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक असते. मी तिला ओढत घरी आणले, दाव्याला बांधले आणि काहीच घडले नाही असे दिसावे म्हणून साडूंच्या गवताचा भारा पुढ्यात टाकला. तिने त्याला तोंडही लावले नाही. ती धापा टाकू लागली, पडली, पाय झाडले. डॉक्टरला फोन लावेपर्यंत संपली. ही दारात येऊन उभी राहिली. हातातली पिशवी तशीच.

"काय खाल्लं हिनं?"

मी तिच्याकडे पाहिले. मग भाऱ्याकडे पाहिले.

"साडूंचं गवत."

एवढेच. डॉक्टर आले, पोटातले तपासू म्हणाले. मी नको म्हणालो आणि घाईने खड्डा खणवला. दुसऱ्या दिवशी नऊही घरांनी गवत उपटून बांधावर फेकले.

साडू त्यांच्या गावाहून आले. कोणाशी भांडले नाहीत. डेअरीच्या ओट्यावर बसले आणि दुधाच्या रांगेसमोर गवत खाऊ लागले. सकाळी एक पेंढी, संध्याकाळी एक पेंढी. आठ दिवस. मी कॅन घेऊन रांगेत उभा असे आणि देवाची प्रार्थना करीत असे की यांनी माझ्याकडे बघू नये. आठव्या दिवशी एक म्हातारा त्यांना म्हणाला, "पाव्हणं, तुमी माणूस हाय. गायीला चार पोटं असत्यात. तुमाला पचलं म्हंजी तिला पचंल असं नाय."

साडू चावायचे थांबले. अर्धे पान तोंडाबाहेर तसेच. माझी जीभ तेव्हा हलायला हवी होती. हलली नाही.

नवव्या दिवशी ते आमच्या दारात आले ते एक कालवड घेऊन. त्यांच्या गोठ्यातली सर्वांत चांगली. "साडूभाऊ, चूक माझी. मी चाखलं खरं, पण मला एकच पोट." दावे त्यांनी माझ्या हातात दिले. मी ते घेतले. आठवड्यात त्यांनी स्वतःचे अर्धे एकर गवत नांगरून टाकले, आणि वर्षाच्या आत आपले गाव सोडून नाशकात गंगापूर रोडला लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले.

त्याला अकरा वर्षे झाली. आज आमच्या गावात तेच गवत बांधाबांधावर आहे. मोबाइलवर पाहून लोकांनी बेणे मागवले. नाशकात रस्त्याकडेला पेंढ्या विकायला बसतात. भाकीत अक्षरशः खरे झाले, फक्त ते करणारा माणूस त्यात कुठे नाही. ही गेल्या वर्षी वारली. तिलाही मी खरे सांगितले नाही.

दिवाळीनंतर मी गंगापूर रोडला गेलो. मेहुणीने दार उघडले. "बरं झालं आलात भाऊजी. यांना समजवा. मेथीची जुडी तीनतीनदा धुऊन घेतात, तरी जेवताना घाबरतात." साडू गॅलरीत होते. रंगाच्या रिकाम्या बादलीत नेपियरचा एकच ठोंब लावलेला. गोशाळेच्या माणसाने बेणे मागितले होते, यांनी दिले नाही. "नको हो. कुणाची गाय जायची."

मी सांगितले. उभ्यानेच, कठड्याला धरून. ते ओरडतील, मारतील, असे वाटत होते. त्यांनी बादलीकडे पाहिले.

"फुटवे केवढे होते?"

"वीतभर."

"रानाला पाणी?"

"महिनाभर नव्हतं."

"मग तेच. तहानलेल्या कोवळ्या फुटव्यातच विष जास्त," ते म्हणाले. एक पान तोडले. ते पान त्यांनी तोंडात घातले आणि डोळे मिटून चावले, मला वाटते अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी माफी मागू लागलो तर हातानेच थांबवले. मग कोयता मागवून तीन कांड्या तोडल्या आणि माझ्या पिशवीत टाकल्या. "लावा. आणि हे डेअरीवर सांगा, सगळ्यांसमोर. गवत छातीएवढं झालं की बघायला येतो."

डेअरीवर जायला मला पाच दिवस लागले. सकाळच्या रांगेत ओट्यावर चढलो आणि सगळे सांगितले, मी काय केले ते, आणि त्या नऊ घरांची नावे. डेअरीच्या सचिवाने मापावरून मान वर केली. "लय जुनी गोष्ट हाय ती, तात्या. आता सगळ्यांकडंच नेपियर हाय. जरा सरका, कॅन येऊ द्या." दोघे हसले. त्या नऊ घरांपैकी एकाचा मुलगा रांगेत होता, तोही हसला. इतका घाबरलो होतो मी, आणि घाबरण्यासारखे तिथे काही उरलेच नव्हते. त्यानेच अधिक भीती वाटली. घरी येऊन साडूंना फोन केला. "कळलं," एवढेच म्हणाले.

गोठ्यालगत लावलेल्या तिन्ही कांड्या फुटल्या. गवत छातीएवढे होऊन गेले, आता माझ्या डोक्यावर आहे. नेपियर वेळेवर कापले नाही तर कांडी लाकडासारखी होते, मग गाय ती चघळून टाकून देते, हे मला त्यांनीच शिकवले. तरी ते बघायला येईपर्यंत मी कापत नाही. त्या कालवडीची नात दावणीला आहे. वारा आला की ती मान वळवून गवताकडे बघते, आणि मी फाटकाकडे.