दारूबंदीच्या बैठकीतला खर्रा

गावातली दारू बंद करणाऱ्या बायांची मी अध्यक्ष. धानोऱ्याकडचं जंगलातलं गाव आमचं. दारूसाठीचा मोहाचा सडवा मडक्यांत भरून नाल्याच्या काठी पुरून ठेवलेला असायचा आणि तो हुडकण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. आम्ही दहा-बाराजणी मडकी फोडायचो, शिव्या खायचो, चार उलट द्यायचो. गर्व होता मला, खोटं कशाला बोलू.

मडकी फोडून आलो की समाजमंदिराच्या ओट्यावर बसायचं आणि खर्रा खायचा. सुपारीचा चुरा, तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून लाकडावर घोटायचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग खर्रा. कोणी पुढे केला तर नाही म्हणायचं नसतं, माणसाला वाईट वाटतं. दारूविरुद्ध भाषण देतानाही माझ्या गालात खर्रा असायचा, आणि एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझी पोरगी तेव्हा आठवीत होती. तिला बायांमध्ये बसायची भारी हौस. म्हटलं, बसतेस तर हात चालव. घोटायला मीच बसवलं तिला. बाया म्हणायच्या, "पोरीचा हात चांगला हाय, बाई." मला केवढं कौतुक! "चुना जास्त झाला का, चाखून पाह्य," हे वाक्य माझं आहे. ते दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी, भातसुद्धा बारीक बारीक घास करून खाते. मला वाटलं, अक्कलदाढ येत असेल. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन बोटं उभी करून तोंडात घाल. दोन गेली, तिसरं दातांवर अडलं. पोरीने माझ्याकडे पाहत पुन्हा जोर लावला. बाई म्हणाल्या, खर्रा आज सोडलास तर एवढं तरी उघडत राहील. नाही सोडलास तर हेही मिटेल, पुढे कॅन्सरची भीती.

घरी येऊन मी तिचं दप्तर, उशी, तांदळाची कोठी, सगळं उपसलं. सापडल्या तेवढ्या पन्न्या चुलीत घातल्या. ती शांतपणे म्हणाली, "आई, तू लोकाइची मडकी फोडली, तं त्याइनं पेनं सोडलं का? लपून पेतेतच ना. मले बी सुटून नाई राह्यलं."

पुढच्या बैठकीत मी सांगितलं, आजपासून ओट्यावर खर्रा बंद. बाया हसल्या. "ते का दारू हाय का, बाई?" एकीने सवयीने पन्नी पुढे केली. मी हात मागे घेतला, तर ती रुसून घरी निघून गेली.

मी स्वतः सोडला, असं पोरीला छातीठोक सांगितलं होतं. आठ दिवसांत डोकं फुटायची वेळ आली. परवा दुपारी कमरेला पन्नी खोचून गुपचूप घरामागच्या भाताच्या तणसीच्या ढिगाआड गेले. तिथे पोरगी आधीच बसलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिने सरकून जागा केली आणि आपली पन्नी उघडून माझ्यापुढे धरली.

मी चिमूटभर घेतला. छान घोटलेला होता.