ऑनलाइन लायब्ररीची वेळ अकरा ते चार

लायब्ररीत बोलायला बंदी असते, त्यामुळे तिथे ऐकायला फार मिळतं! मी आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत एकवीस वर्षं परिचर आहे. पुस्तकं लावायची, पुसायची, मागतील ती काढून द्यायची. शिक्षण दहावी. वाचलं त्यापेक्षा ऐकलंच जास्त. घरी भाजी निवडता निवडता सुनेला एकेक सांगायचे, ती हसायची. आताशा हसत नाही. म्हणते, "आई, हे हसण्यासारखं नाही." नसेल. पण डोक्यात साठलेलं कुठेतरी उतरवावं लागतंच ना! त्यातून आमच्याकडे ऑनलाइन लायब्ररी आल्यापासून तर रोजचं एक ठरलेलं.

*

ऑनलाइन लायब्ररी आणली ती तेव्हाच्या प्राचार्यांनी. सगळे त्यांना मोठे सर म्हणायचे. चार कॉम्प्युटर आले, एक खोली रंगवली, बाहेर पाटी लागली. मोठे सर सगळ्यांना सांगत सुटले, "लाखभर पुस्तकं आहेत यात!"

ते ऐकून आमच्या ग्रंथपालांचा, म्हणजे खर्चे सरांचा, चेहरा पडला. त्यांची पद्धत अशी, की पुस्तक आलं की रजिस्टरला नोंद, पहिल्या पानावर शिक्का आणि सतराव्या पानावर गुपचूप आणखी एक शिक्का. कोणी पुस्तक ढापलं, पहिलं पान फाडलं, तरी ओळखू यावं म्हणून. शिक्का नाही ते पुस्तक आपलं नाही.

मग सरांनी त्यातली दोनशे पुस्तकं निवडली. प्रत्येकाचं पहिलं पान आणि सतरावं पान प्रिंट केलं आणि गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. दोन दिवस मी शिक्के मारत होते. तिसऱ्या दिवशी शाई संपली.

"सर, बाकीच्या पुस्तकांचं?" मी विचारलं.

सर शांतपणे म्हणाले, "बाकीची अजून आपल्या ताब्यात आलेली नाहीत!"

*

दोन वर्षांनी आमच्याकडे प्रज्ञा इंगळे आली. देऊळघाटची. तासिकेवर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही ते कोणालाच माहीत नाही. पीएचडी करत होती. विषय, आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायका. तिची आई दुसऱ्यांच्या मळ्यात वांगी-मेथी तोडायला जायची, म्हणून तिला तो विषय सुचला. नोंदणीची मुदत यंदाच्या उन्हाळ्यात संपणार होती. तोवर प्रबंध दिला तर डॉक्टर, मग पक्क्या नोकरीच्या मुलाखतीला बसता येईल. नाही दिला तर नोंदणी रद्द आणि पाच वर्षांचं काम पाण्यात. हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत.

पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "जय भीम मावशी! लायब्ररी ऑनलाइन हाय म्हणतात, मंग ही अकरा ते चार काऊन?"

मी तिला पाटी दाखवली. 'ऑनलाइन लायब्ररी. वेळ ११ ते ४. जेवणाची सुट्टी १ ते २. रविवारी बंद.'

ती तशीच खर्चे सरांकडे गेली. "सर, ही घरूनही उघडते म्हणे. रात्री, रविवारी, कधीही. फक्त पासवर्ड लागतो."

सरांनी चष्मा काढला. "उघडेल हो. पण मग बंद कोण करणार?"

*

आमच्याकडे एका वेळी दोनच पुस्तकं मिळतात, सात दिवसांसाठी. नियम जुना आहे आणि खर्चे सर नियमाचे पक्के. प्रज्ञाला संशोधनाचे लेख लागायचे. दुसऱ्या प्रकरणात आधी कोणी काय काम केलं ते सगळं द्यावं लागतं म्हणे. ती एकदम नऊ लेख उतरवून घ्यायला बसली, तर सर मागे येऊन उभे.

"दोनच घ्या."

"सर, ही काही पुस्तकं नाहीत. मी घेतले तरी तिथले कमी होत नाहीत."

"मॅडम, आज तुम्हाला नऊ दिले, उद्या दुसरा अठरा मागेल."

दुसरा तर कोणी येतच नव्हता! पण सात दिवसांनी तिला ते दोन लेख परत करावे लागायचे. परत कसे करायचे? लॅपटॉप घेऊन यायचं आणि सरांच्या डोळ्यांदेखत पुसून टाकायचे. मग मी रजिस्टरमध्ये 'परत' असा शेरा मारायचा आणि पुढचे दोन मिळायचे.

एकदा तिने पुसले, लॅपटॉप मिटला आणि उठली. सर म्हणाले, "थांबा. त्या कचऱ्याच्या डब्यातून पण काढा."

*

आता खरा घोळ. ही लायब्ररी रोज उघडताना मोबाइलवर ओटीपी येतो. नोंदणी करताना मोबाइल नंबर मागितला, तेव्हा मोठ्या सरांनी हौसेने स्वतःचा दिला होता. मग ते निवृत्त झाले आणि बुलढाण्याला स्वतःच्या घरी राहायला गेले. ओटीपीही त्यांच्याबरोबर गेला!

म्हणजे रोज सकाळी प्रज्ञाने त्यांना फोन करायचा. बाराच्या आत, कारण मग त्यांचं जेवण आणि झोप. बरं, सर एकदम आकडा सांगतील तर कसले! "हां, कोण, इंगळे का? किती प्रकरणं झाली? पाऊस कसा आहे तिकडं? कँटीनचा तो म्हातारा आहे का अजून? कॉलेजच्या रंगाचं काय झालं?" ती बिचारी सगळ्याची उत्तरं द्यायची. ओटीपी चालतो दहा मिनिटं.

"सर, वेळ संपली त्याची."

"मग परत मागवा की! मी कुठं पळून चाललो?"

नवीन प्राचार्यांनी एकदा आडून आडून विचारलं, नंबर बदलून घेऊ या का? मोठे सर म्हणाले, "माझ्या हातानं सुरू केली आहे ती. तेवढं तरी राहू द्या." दुसऱ्यांदा विचारायची कोणाची छाती झाली नाही. प्रज्ञाच मला म्हणाली, "जाऊ द्या मावशी, त्याईले कॉलेजमधून दुसरा फोन येतच नाही कोणाचा."

तिच्या मनाचा मोठेपणा. पण त्यात रोजचा पाऊण तास जायचा.

*

मग तपासणीची समिती आली. कॉलेजला दर्जा देतात ती. आठ दिवस आधीपासून झाडलोट, कुंड्या, गेटवर रांगोळी. ऑनलाइन लायब्ररी भरलेली दिसली पाहिजे, असा वरून हुकूम.

त्या सकाळी प्रज्ञाला पहिल्याच फोनला ओटीपी मिळाला होता. नशीबच म्हणायचं! ती मन लावून वाचत बसली होती. खर्चे सर घाईघाईने आले. "मॅडम, उठा उठा. समिती येते आहे."

"सर, मी वापरतेच आहे की."

"तुम्ही एकट्या आहात. युनिफॉर्म पण नाही."

तिला व्हरांड्यात पाठवलं आणि पहिल्या वर्षाच्या चार पोरी चार कॉम्प्युटरपुढे बसवल्या. वेण्या, रिबिनी, सगळं छान. समितीतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ एकीपाशी थांबले. प्रज्ञाचाच लेख समोर उघडा होता, इंग्रजीतला.

"काय वाचते आहेस बाळ?"

पोरगी घाबरून उभीच राहिली. "मले काही नाही माहीत सर. हात नको लावू म्हणले फक्त!"

गृहस्थ हसले आणि पुढे गेले. संध्याकाळी अहवालात आलं, 'ग्रंथालयाचा वापर उत्तम.' आम्हाला सगळ्यांना पेढा मिळाला. प्रज्ञाचा पेढा मी व्हरांड्यात नेऊन दिला. तिने तो घेतला, पण खाल्ला नाही, रुमालात बांधून ठेवला. म्हणाली, "आईले देते. तिले वाटते मी इथं मोठी बाई हाव."

*

शेवटचे तीन महिने राहिले तेव्हा तिने दुसरा रस्ता काढला. विद्यापीठाच्या लायब्ररीत चार दिवस जाऊन बसायचं आणि एकदाचं सगळं उरकायचं. पण तिथे बाहेरच्या माणसाला पत्र लागतं. आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालाचं, की आमच्याकडे ही सोय नाही, तरी यांना बसू द्यावं. साधं दोन ओळींचं.

ती पत्र टाइप करूनच घेऊन आली. खर्चे सरांनी वाचलं, परत वाचलं.

"मॅडम, हे मी कसं देऊ? आपल्याकडे सोय आहे."

"सर, ती चालत नाही ना पण."

"चालत नाही असंही मी लिहू शकत नाही. समितीचा उत्तम शेरा आहे आपल्याला!"

मी कपाट पुसत होते. न राहवून बोलले, "सर, द्या ना. पोरीचं वर्ष वाचेल."

सर माझ्याकडे वळले. रागावले नाहीत, समजावल्यासारखं म्हणाले, "सुमनबाई, तुमचं बरोबर आहे. पण तुम्हाला सही करावी लागत नाही."

ते मात्र खरं होतं.

*

तरी तिने प्रबंध पुरा केला. तीनशेवर पानं. सकाळी तास घ्यायची, मग लायब्ररी, आणि रविवारी बाजारात बायकांपाशी बसून लिहून आणायची. एका भाजीवालीने तिला म्हटलं होतं म्हणे, "आमच्यावर एवढं लिवतं पोरी, आम्हाले तर भाव बी कोणी धड विचारत नाही!" हे वाक्य तिने प्रबंधात जसंच्या तसं घातलं होतं. मला वाचून दाखवलं तेव्हा दोघी खूप हसलो.

मार्गदर्शकांनी प्रबंध तपासून परत दिला. सगळं छान, फक्त दुसऱ्या प्रकरणात अकरा लेखांचे पान नंबर राहिले आहेत. ते घाला आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत विद्यापीठात जमा करा. शुक्रवार हीच शेवटची मुदत.

लेख तिच्याकडे कुठून असणार? सात दिवसांनी सगळे परत केलेले. कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा.

"अर्ध्या दिवसाचं काम हाय मावशी," ती म्हणाली. "उद्या सकाळीच फोन लावते मोठ्या सरले."

तो सोमवार. मंगळवारी पहाटे मोठे सर गेले. झोपेतच.

बुधवारी आम्ही सगळे बुलढाण्याला भेटायला गेलो. प्रज्ञाही होती. तिथे ती बायकांमध्ये मान खाली घालून बसून राहिली. मीच निघताना सरांच्या बायकोचा, काकूंचा, हात हातात घेतला आणि चोरट्यासारखं विचारलं, सरांचा फोन कुठे असतो?

काकू म्हणाल्या, "काल तुमच्या कॉलेजचं काही तरी आलं होतं वं त्याच्यावर. लय वेळ वाजला. पण तो उघडतच नाही. त्याईच्याच बोटानं उघडे."

मी हात सोडला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात शोकसभा झाली. जागा लायब्ररीच ठरवली, कारण सरांचा जीव तिथे. चारही कॉम्प्युटरवर पांढऱ्या चादरी घातल्या, मधल्या टेबलावर फोटो, हार, उदबत्ती. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग नवीन प्राचार्य बोलले. मनापासून बोलले, ढोंग नव्हतं ते. म्हणाले, सरांनी लावलेलं हे रोप आहे, त्यांची खूण आपण पुसायची नाही. म्हणून असा ठराव मांडतो, की ऑनलाइन लायब्ररीच्या नोंदणीतला सरांचा मोबाइल नंबर त्यांची आठवण म्हणून कायम तसाच ठेवण्यात यावा.

लोकांनी माना हलवल्या. एकीने डोळे पुसले.

खर्चे सर इतिवृत्ताचं रजिस्टर उघडून बसले होते. ठराव लिहून झाला तसे त्यांनी पेन थांबवलं आणि वर पाहिलं. "अनुमोदन कोणाचं लिहू?"

प्राचार्यांनी खोलीभर नजर फिरवली. पुढच्या वर्षीच्या तासिकांची यादी त्याच आठवड्यात लागायची होती. "इंगळे मॅडम देतील की," ते म्हणाले. "सरांशी रोज बोलणं त्यांचंच होतं."

प्रज्ञा मागच्या बाकावर होती. मांडीवर प्रबंध होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. तिने तो बाजूला माझ्याकडे दिला. जड होता. उभी राहिली, पदर सारखा केला.

"माझं अनुमोदन आहे," ती म्हणाली.

खर्चे सरांनी नाव लिहिलं, रजिस्टर फिरवून तिच्यापुढे सरकवलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. "तारीख पण टाका मॅडम."

"आज काय हाय मावशी?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

मी म्हटलं, "गुरुवार."